जुन्या नौकेचा ऑटोपायलट: आधी तार, मग पेटी

दरवर्षी जून महिना लागला, की पश्चिम किनाऱ्यावरच्या शिडाच्या लहान नौका पावसाळ्यापुरत्या पाण्याबाहेर काढल्या जातात, आणि त्याच सुमारास माझा मावसभाऊ मुंबईहून वडोदऱ्याला येतो. त्याला मी दादा म्हणते. त्याच्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, पाठ्यपुस्तकाएवढी, ॲल्युमिनियमची एक पेटी असे. ती पेटी म्हणजे त्याच्या नौकेच्या ऑटोपायलटचा, म्हणजे सुकाणू आपोआप हलवून नौका ठरलेल्या दिशेने नेणाऱ्या यंत्रणेचा, मेंदू. नौका सुमारे दहा मीटर लांबीची, फायबरग्लासची, १९८० च्या दशकात परदेशात बांधलेली आहे; दादाने ती जुनी म्हणून विकत घेतली तेव्हा तिच्यावरचा ऑटोपायलटही जुनाच होता, त्याच्या कंपनीने सुटे भाग देणे केव्हाच थांबवले होते, आणि जो तो त्याला एकच सल्ला देत होता की हे सगळे उखडून फेका आणि नवे बसवा. तो सल्ला त्याने तसाच स्वीकारला नाही, याचे श्रेय थोडेसे मी घेते. या सहा पावसाळ्यांत आम्ही त्या यंत्रणेचे काय राखले, काय बदलले आणि कोणत्या चुका केल्या, हे लिहून ठेवायचे बरेच दिवस मनात होते, कारण मराठीतून या विषयावर वाचायला मला स्वतःला काहीही सापडले नव्हते.

वडोदऱ्यात समुद्र नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर माझे कामाचे टेबल आहे, आणि तिथून दिसते ते शेजारच्या वाड्याचे कौलारू छप्पर. परंतु मी कलाभवन या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढची पंचवीस वर्षे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डीसी मोटर चालवणारे नियंत्रक दुरुस्त करण्यात घालवली, त्यामुळे दादाने पहिल्यांदा ती पेटी उघडून दाखवली तेव्हा आतले सारे मला ओळखीचे वाटले. मोटर दोन्ही दिशांना फिरवणारी स्विचांची जोडणी, मोटर कुठवर आली हे बाहेरून सांगणारा एक पोटेन्शियोमीटर (दांडा फिरेल तसा रोध बदलणारा भाग), आणि या दोघांच्या मध्ये बसून हिशेब करणारा एक लहान प्रोसेसर: कागदाच्या कारखान्यातील रुळावर ताण सांभाळणारी यंत्रणाही याच तीन गोष्टींची बनलेली असते. फरक इतकाच की कारखान्यात चूक झाली तर कागद फाटतो, आणि इथे चूक झाली तर नौका खडकाकडे वळते.

या हिशेबाचा इतिहास मला फार प्रिय आहे. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्यांनी १९२२ साली स्वयंचलित सुकाणूवर जो शोधनिबंध लिहिला, त्यातूनच आज प्रत्येक कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या पीआयडी नियंत्रणाची (चूक किती, ती किती वेगाने बदलते आणि किती काळ साचते या तिन्हींवरून दुरुस्ती ठरवण्याच्या पद्धतीची) गणिती मांडणी प्रथम स्पष्टपणे पुढे आली, आणि तिचे प्रयोग न्यू मेक्सिको या अमेरिकी युद्धनौकेवर झाले. त्यांचे निरीक्षण असे होते की कसलेला सुकाणूधारी नौका मार्गावरून किती ढळली आहे एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने वळते आहे हेही तो जोखतो आणि वळण पूर्ण होण्याआधीच सुकाणू उलट देऊन तिला थोपवतो, शिवाय वारा एकाच बाजूने सतत रेटत असेल तर सुकाणूला कायमचा थोडासा कल देऊन ठेवतो. जुन्या ऑटोपायलटच्या मेनूमध्ये ‘रडर गेन’, ‘काउंटर रडर’ आणि ‘ऑटो ट्रिम’ अशी जी तीन नावे दिसतात, ती त्या कसलेल्या सुकाणूधाऱ्याच्या याच तीन सवयी आहेत. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे नौका सापासारखी वळवळत चालली असता पहिल्यांदा मेनूत जाऊन आकडे बदलण्याचा मोह आवरता येतो, कारण बहुतेक वेळा हिशेब बरोबर असतो आणि हिशेबासाठी येणारी माहितीच खोटी असते.

दादाच्या नौकेची पहिली तक्रार नेमकी हीच होती. सरळ जाताना ती दोन्ही बाजूंना सात-आठ अंश झोके घेत असे. ड्राइव्ह, म्हणजे सुकाणूला ढकलणारी मोटर, गिअर आणि स्क्रू यांची जोडणी, उत्तम स्थितीत होती; दोष सुकाणूची स्थिती सांगणाऱ्या पोटेन्शियोमीटरमध्ये होता. नौका आयुष्याचा बहुतांश काळ सरळ जाते, त्यामुळे पोटेन्शियोमीटरचा सरकता काटा मधल्या काही अंशांतच लाखो वेळा मागेपुढे होतो आणि कार्बनचा पट्टा बरोबर तिथेच झिजतो. डिजिटल मल्टिमीटरवर हे दिसत नाही, कारण त्याचा आकडा सेकंदातून दोन-तीनदाच बदलतो आणि क्षणभर तुटणारा संपर्क मधल्या मधे हरवून जातो. त्यासाठी काट्याचा जुना मीटर लागतो. सेन्सरचा दांडा अगदी सावकाश फिरवला, की काटा एकसारखा सरकत गेला पाहिजे; मध्यावर तो थरथरला किंवा एकदम उडी मारून पुन्हा जागेवर आला, तर सेन्सर संपला असे समजावे. आम्ही त्याच मूल्याचा, पण औद्योगिक वापराचा, सीलबंद पोटेन्शियोमीटर घेतला, जुन्या सेन्सरच्या पितळी घरात बसेल असा दांडा खरादीवाल्याकडून करून घेतला, आणि सुकाणूशी जोडणाऱ्या कडीतील झिजलेले बॉल जॉइंटही बदलले. त्या कडीत दोन मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मेंदूला सुकाणू हललेलेच कळत नाही, आणि मग तो ते आणखी हलवतो. झोके थांबले.

आता पेटीविषयी. तीस वर्षांच्या पेटीला एकदम पूर्ण दाबाची वीज देऊ नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. प्रवाहावर मर्यादा घातलेल्या पुरवठ्यातून व्होल्टेज हळूहळू चढवत नेले तर तो थर पुन्हा जमतो, आणि थेट बॅटरी जोडली तर कपॅसिटर फुटू शकतो. खरे तर या वयात ते सगळे बदलूनच टाकावेत. कपॅसिटरच्या बाबतीत जो ढोबळ नियम सांगितला जातो, की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते, तो उलट्या बाजूनेही तितकाच खरा आहे, आणि आपल्याकडील उन्हात डेकखालच्या बंद कप्प्यात बसलेली पेटी काय सोसते याची कल्पना वडोदऱ्याच्या मे महिन्यात राहणाऱ्याला वेगळी द्यावी लागत नाही. म्हणून मी बदलताना १०५ अंशांचे कपॅसिटर घेते आणि दुरुस्त झालेली पेटी दोन दिवस गच्चीवर, पत्र्याच्या ट्रंकेत, चालू ठेवून पाहते. दोनदा असे झाले आहे की टेबलावर निर्दोष ठरलेली पेटी दुपारी तीन वाजता ट्रंकेत बंद पडली, आणि दोन्ही वेळा कारण एकच निघाले, ते म्हणजे कनेक्टरच्या पायाशी पडलेला, डोळ्याला न दिसणारा सोल्डरचा गोल तडा.

मिठाचा डाग पडलेला बोर्ड नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चालत नाही. मीठ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. ते केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने बोर्ड धुवावा, मऊ ब्रशने कनेक्टरच्या फटी साफ कराव्यात, मग अल्कोहोलने पाणी काढावे, आणि पुरते वाळल्यावरच वर संरक्षक लेप द्यावा. ओलावा आत ठेवून लेप दिला तर तो बोर्डाचे रक्षण करत नाही, उलट ओल कोंडून ठेवतो.

या साऱ्याआधी मात्र एक काम असते आणि ते मी कधीही पुढे ढकलत नाही. त्या काळच्या पेट्यांमध्ये प्रोग्राम इप्रॉममध्ये असतो, म्हणजे पाठीवर काचेची छोटी खिडकी असलेल्या चिपमध्ये, जी अतिनील किरणांनी पुसली जाते. खिडकीवरचा कागद वाळून गळून पडलेला असतो. चिपमधला विद्युतभारही दशकानुदशके टिकेल याची खात्री नसते, आणि ज्या कंपनीने यंत्र बनवले तिच्याकडे तो प्रोग्राम आज मिळेलच असे नाही. म्हणून पेटी हाती आली, की ती चिप प्रोग्रामरमध्ये (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात) लावून तीन वेळा वाचावी, तिन्ही प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात का ते पाहावे, खिडकी पुन्हा अपारदर्शक पट्टीने झाकावी आणि प्रत दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. दादाच्या पेटीची अशी प्रत माझ्याकडे आहे.

इतके सगळे करून दुसऱ्या वर्षी पेटी परत गेली आणि पाण्यावर पहिल्याच दिवशी बंद पडली. दादाने फोनवर सांगितले, “वारा वाढला की दहा मिनिटांत पडदा विझतो, आणि मग आपोआप पुन्हा सुरू होतो.” माझ्या टेबलावर ती पेटी तीन आठवडे एकदाही चुकली नव्हती. मी पुन्हा पेटी मागवली, पुन्हा तपासली, पुन्हा काही सापडले नाही, आणि या फेऱ्यांत त्याचा अर्धा मोसम वाया गेला, याची मला आजही खंत वाटते. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः गेले, मीटर घेऊन नौकेच्या पोटात बसले आणि मोटर जोर लावत असताना मोजले. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट होते आणि पेटीच्या टोकांवर १०.१. मोटर त्या वेळी १२ ॲम्पिअर घेत होती.

हिशेब सोपा आहे आणि तो मी आधीच करायला हवा होता. बॅटरीपासून पेटीपर्यंत सहा मीटर तार, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर, तार २.५ चौरस मिलिमीटरची, जिचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. म्हणजे तारेतच जवळजवळ १.१ व्होल्ट जातात. उरलेले १.२ व्होल्ट तीन जोडांत जात होते: फ्यूजच्या घरात, स्विचच्या मागच्या स्क्रूत आणि बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या भागाच्या, जवळ कुणीतरी टेपने गुंडाळलेल्या एका सांध्यात. त्या सांध्याची टेप काढली तर आतली तांब्याची तार काळी पडलेली होती आणि सोललेल्या टोकापासून हातभर आतपर्यंत ती तशीच काळी होती, कारण साध्या तांब्याची तार मिठाची ओल वातीसारखी आत ओढून घेते. माझ्या टेबलावरच्या पुरवठ्याची तार एक मीटर लांबीची आणि मोटरवर भार काहीच नाही. तिथे हा दोष दिसणे शक्यच नव्हते. आम्ही १० चौरस मिलिमीटरची, कथलाचा मुलामा असलेली तार टाकली, टोकांना दाबून बसवलेले लग आणि आत चिकट द्रव्य असलेली आकसणारी नळी लावली, फ्यूजचे घर बदलले. महत्त्वाच्या उपकरणाच्या वाहिनीत ३ टक्क्यांहून अधिक व्होल्टेज पडू नये असा संकेत आहे, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६. आता तिथे तेवढेही पडत नाही.

तेव्हापासून मला कुणीही जुन्या ऑटोपायलटविषयी विचारले, की मी पहिला प्रश्न हाच करते, की मोटर जोर लावत असताना पेटीच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत. भार नसताना मोजलेला आकडा सांगितला तर मी पुढे बोलत नाही. नवी यंत्रणा विकत घेऊन ती त्याच काळ्या तारेवर जोडणारे मालक मी पाहिले आहेत, आणि नव्या पेटीनेही जुन्या पेटीसारखेच वागावे यात त्या बिचाऱ्या पेटीचा काय दोष?

होकायंत्राचा विषय थोडा सविस्तर लिहिते, कारण तिथे पैसे न खर्च करता सर्वाधिक सुधारणा होते. जुन्या यंत्रणेतील फ्लक्सगेट होकायंत्रात सुई नसते. मऊ चुंबकीय गाभ्याला प्रत्यावर्ती प्रवाहाने पुन्हापुन्हा संपृक्त केले जाते आणि पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्यात जो असमतोल येतो तो काटकोनात बसवलेल्या दोन वेटोळ्यांतून मोजला जातो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप इतके नाजूक आहे, की त्यासाठी एका वेधशाळेचे काम दुसरीकडे हलवावे लागले होते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागला नेण्यात आली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली होती आणि तिथली निरीक्षणे आजही चालू आहेत. दादा ज्या पाण्यात नौका चालवतो, त्याच किनाऱ्यावर ही वेधशाळा उभी आहे. आणि त्याच्या नौकेवर काय होते, तर फ्लक्सगेटपासून वीतभर अंतरावर, लाकडी फळीच्या पलीकडच्या बाजूला, मागच्या मालकाने गाण्यांचा स्पीकर बसवला होता. स्पीकरचे चुंबक कायमचे असते, त्यामुळे त्याची चूक काही प्रमाणात हिशेबातून वजा करता येते. परंतु त्याच कप्प्यात कधी अन्नाचे डबे ठेवले जात, कधी हत्यारांची पेटी, आणि ती चूक दर फेरीला बदलत असे. स्पीकर काढला, कप्प्यावर ‘इथे लोखंड ठेवू नये’ असे लिहून ठेवले, आणि होकायंत्र नौकेच्या मध्याजवळ, जिथे डोलणे सर्वांत कमी असते अशा जागी, खालच्या बाजूला हलवले. वीस अंशांच्या आसपासची चूक पाच अंशांच्या आत आली.

आपल्या पाण्यात होकायंत्राला दोन सवलती मिळतात, हेही सांगण्यासारखे आहे. इंग्लंडच्या आसपास चुंबकीय सुई क्षितिजाखाली ६५ अंशांहून अधिक कलते, म्हणून तिथे नौका झुकली की फ्लक्सगेटची दिशा लगेच बिघडते. मुंबईजवळ हा कल त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय मुंबईच्या आसपास चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे. त्यामुळे युरोपातील मालक जुन्या फ्लक्सगेटविषयी ज्या तक्रारी लिहितात, त्या सगळ्या इथे तेवढ्या तीव्रतेने लागू पडत नाहीत, आणि निव्वळ त्या वाचून चांगले होकायंत्र काढून टाकण्याचे कारण नाही.

तरीही चौथ्या वर्षी आम्ही मेंदू बदलला. निर्णय भावनेने घेतला नाही. हातातल्या नियंत्रकाचा पडदा काळवंडला होता, बटणांचे रबर चिरले होते, आणि मुख्य म्हणजे जुन्या पेटीत मोटरची दिशा बदलण्यासाठी रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे स्विच, होते, ज्यांचे संपर्क खड्डे पडून खडबडीत झाले होते. रिलेचा संपर्क वितळून चिकटला तर ‘स्टँडबाय’ दाबूनही मोटर थांबत नाही. ट्रान्झिस्टरही जळून आरपार होतात हे मला ठाऊक आहे, परंतु नव्या पेट्या मोटरचा प्रवाह सतत मोजतात आणि असे काही दिसताच क्लच, म्हणजे मोटर सुकाणूला जोडणारी जोडणी, सोडून देतात. दुसरे कारण समुद्राचे होते: मागून येणाऱ्या लाटेवर नौकेची शेपटी उचलली जाऊन ती झपकन वळते, आणि होकायंत्राला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नव्या सेन्सरमध्ये तीन अक्षांचे चुंबकमापक, तीन अक्षांचे त्वरणमापक आणि तीन अक्षांचे जायरो एकत्र असतात. जायरोला वळण सुरू होताच कळते, म्हणजे मिनोर्स्कींनी ज्याला महत्त्व दिले ती वळण्याच्या वेगाची माहिती या नौकेवर प्रथमच थेट हाती येते.

ड्राइव्ह मात्र जुनाच ठेवला. त्याची किंमत साऱ्या यंत्रणेत सर्वांत जास्त असते, तो लोखंड-पितळेचा असतो, आणि ब्रश, बेअरिंग व क्लचचे वेटोळे यांची काळजी घेतली तर तो आणखी वीस वर्षे सहज चालेल. नवी पेटी निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: ती आमच्या मोटरचा अडकलेल्या स्थितीतला प्रवाह सोसू शकते का, क्लचच्या वेटोळ्याला हवे ते व्होल्टेज देते का, आणि तीन तारांचा साधा पोटेन्शियोमीटर स्वीकारते का. पायपायलट नावाचा मुक्त प्रणालीवरचा ऑटोपायलटही मी माडीवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेऊन जुळवून पाहिला होता. शिकण्यासाठी त्याच्याइतके चांगले साधन नाही, आणि ज्याला स्वतःच्या हाताने सगळे करायचे आहे त्याने तो जरूर वापरावा. परंतु मी चारशे किलोमीटर दूर असताना मुंबईतल्या कोणत्याही तंत्रज्ञाला उघडून कळेल अशी यंत्रणा दादाला हवी होती, म्हणून तयार पेटी घेतली.

भाषेचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. जुनी उपकरणे एनएमईए ०१८३ ही नौकेवरच्या उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याची प्रमाणपद्धत बोलतात: सेकंदाला ४८०० बिटांच्या संथ गतीने, डॉलरच्या चिन्हापासून सुरू होणारी साधी अक्षरे, एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे. नवी उपकरणे एनएमईए २००० बोलतात, जी मोटारगाड्यांतल्या ‘कॅन बस’ या तारांवरच्या संदेशव्यवस्थेवर उभी आहे आणि सेकंदाला अडीच लाख बिटांनी चालते. मध्ये दुभाषी पेटी लागते. ०१८३ मध्ये तारांची उलटापालट झाली तर काहीही दिसत नाही किंवा कचरा दिसतो, इतकेच. २००० च्या जाळ्यात मात्र दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असलेच पाहिजेत, आणि वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मोजले असता ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रोधक गायब आहे, ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवला आहे. या एका मोजमापाने माझे कित्येक तास वाचले आहेत. जुना जीपीएस मात्र ठेवण्यात अर्थ नव्हता. जीपीएसचे आठवडे दहा बिटांत मोजले जातात, म्हणून १०२४ आठवड्यांनी गणती शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती दुसऱ्यांदा शून्यावर आली आणि दादाच्या यंत्राची तारीख तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे मागे गेली होती.

नवी पेटी जोडली त्या दिवशी जे घडले ते मुद्दाम लिहिते. नौका धक्क्याला बांधलेली होती. मी ‘ऑटो’ दाबले आणि सुकाणू सरळ एका टोकापर्यंत जाऊन थाडकन आदळले. दादाने स्विच पाडला म्हणून गिअर वाचला. मोटरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. पेटी सुकाणू उजवीकडे न्यायला सांगत होती, ते डावीकडे जात होते, सेन्सर चूक वाढल्याचे सांगत होता, आणि पेटी आणखी जोर लावत होती. घाबरून अशा वेळी माणूस मोटरच्या तारांऐवजी सेन्सरच्या तारा बदलतो, आणि ते अधिक धोक्याचे आहे. मोटर आणि सेन्सर दोन्ही उलटे असले तर त्यांचे आपसात जुळते, सुकाणू शांत राहते, धक्क्यावर सगळे ठीक वाटते, आणि समुद्रात गेल्यावर नौका प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला वळते. म्हणून दोन तपासण्या वेगवेगळ्या कराव्यात. आधी क्लच सोडून सुकाणू हाताने उजवीकडे न्यावे आणि पडद्यावरचा सुकाणूचा दर्शकही उजवीकडे जातो का ते पाहावे. तो जुळल्यावरच मोटर जोडून उजवीकडे दहा अंशांची आज्ञा द्यावी आणि एका हाताने स्विच धरून ठेवावा. सुकाणूच्या फिरण्याची इलेक्ट्रॉनिक मर्यादा लोखंडी अडसराच्या काही अंश अलीकडे ठेवावी, म्हणजे मोटर रोजच्या रोज अडसरावर आदळणार नाही.

तो स्विच कुठे असावा याविषयी माझे मत ठाम आहे. ऑटोपायलटच्या मोटरचा स्विच सुकाणूवर उभ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात, इतर कोणत्याही स्विचपेक्षा वेगळ्या आकाराचा, स्वतंत्र असावा. खाली केबिनमधल्या फलकावर बारा स्विचांच्या रांगेत तो असेल तर तो नसल्यासारखाच आहे. १८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले, तेव्हा शेवटच्या क्षणी चाक फिरवूनही जहाज वळले नाही, कारण सुकाणूची पद्धत निवडणारा दांडा हाताने चालवण्याच्या स्थितीत नव्हता. मोठ्या जहाजांसाठी सोलास या समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट नियम आहे, की स्वयंचलित सुकाणू चालू असताना तत्काळ हाताने ताबा घेता आला पाहिजे आणि दीर्घ वापरानंतर हाताचे सुकाणू तपासले पाहिजे. दहा मीटरच्या नौकेला हा नियम लागू नाही, तरी आम्ही तो पाळतो: दर तासाला एकदा क्लच सोडायचा, चाक दोन्ही बाजूंना फिरवायचे आणि पुन्हा क्लच लावायचा.

ऑक्टोबरात समुद्र शांत झाल्यावर होकायंत्र जुळवण्यासाठी नौकेचे फेरे घेतले. बंदरात उभ्या असलेल्या पोलादी जहाजांपासून दूर, मांडव्याच्या दक्षिणेला, मंद गतीने, एका फेऱ्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल अशा बेताने दोन पूर्ण वर्तुळे घेतली. पडद्यावर कमाल विचलन चार अंश आले. नंतर रेडिओचे बटण दाबले तर सुकाणू चटकन दोन-तीन अंश हलले, म्हणून सेन्सरच्या तारेवर रेडिओचा अडथळा रोखणारी दोन फेराइट कडी घातली आणि तिच्या जाळीचे आवरण केवळ पेटीच्या बाजूला अर्थला जोडले, तेही थांबले. संध्याकाळी परतताना मागून लाटा येत होत्या. दादा चाकाशेजारी हात न लावता उभा होता आणि मी खाली बसून पेटीच्या टोकांवरचे व्होल्टेज पाहत होते. मोटर प्रत्येक लाटेला अर्धा सेकंद चालत होती आणि आकडा १२.२ च्या खाली गेला नाही.

या जूनमध्ये दादाच्या पिशवीत पेटी नव्हती, ड्राइव्हची मोटर होती. उघडून पाहिली तर वीज पोचवणाऱ्या दोन कार्बन ब्रशांपैकी एक दुसऱ्याच्या निम्मा झाला होता आणि ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्युटेटरच्या खाचांत काळी पूड भरली होती, जिच्यामुळे भार नसतानाही मोटर जास्त प्रवाह घेत होती. पूड झटकून काढली, खाचा साफ केल्या, आखडलेल्या ब्रशची स्प्रिंग बदलली. त्याच मापाचे ब्रश रावपुऱ्यातल्या दुकानात मिळाले नाहीत, म्हणून थोडे मोठे घेतले आणि काचकागदावर घासून बसते केले. पुढच्या आठवड्यात मोटरवर भार देऊन प्रवाह मोजायचा आहे, आणि तोवर जुनी पेटी, तिच्या इप्रॉमच्या प्रतीसह, कपाटात वरच्या फळीवर राखीव म्हणून ठेवली आहे.